एका डोळ्याची प्रार्थना

बांग जोम्रे प्रार्थना करताना एक डोळा उघडा ठेवते, हे दक्षिण कोरियातल्या मोकपोच्या आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पाळकांनाही होतं. पण ते काही बोलत नसत, कारण बोलायला जावं तर "पाळकसाहेब, तुमचे डोळे तेव्हा काय करत होते?" असं जोम्रेने भर सभेत विचारलं असतं. बाईची जीभच तशी. सगळं आयुष्य बाजाराच्या तोंडाशी कपडेदुरुस्तीच्या दुकानात गेलेलं, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करून शिवण बघायची, मग सुलट. माणसांनाही ती तशीच बघायची.

नवरा गेल्यावर काही वर्षांनी चर्चने तिला ग्वोन्सा केलं. जिने वर्षानुवर्षं चर्चच्या स्वयंपाकघरात भांडी विसळली, पहाटेची प्रार्थना चुकवली नाही, आजाऱ्यांच्या उशाशी बसायला कधी कंटाळली नाही, अशा पोक्त बाईला हा मान मिळतो. तेव्हापासून तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही, सगळ्यांची ती ग्वोन्साबाई झाली. आणि ग्वोन्साबाईकडे काम आलं ते 'उन्हाचं घर' या वृद्धाश्रमात दर गुरुवारी भेटीला जायचं. नाव उन्हाचं घर, आणि इमारतीचं तोंड उत्तरेला. जोम्रेने पहिल्याच दिवशी हे हेरलं होतं.

चार बाया जात. सोयादुधाचे खोके, मऊ केळी, लाल घेवड्याच्या वड्या. मधल्या खोलीत आजी-आजोबांच्या चाकाच्या खुर्च्या गोल मांडायच्या, दोन-तीन गीतं म्हणायची, प्रार्थना करायची आणि मग एकेकाचा हात हातात घेऊन बसायचं. कुणाला मुलगा येणार असतो, तो दर आठवड्याला येणारच असतो. कुणी जोम्रेलाच आपली धाकटी बहीण समजून जुन्या भांडणाचा हिशेब मागतं. जोम्रे ते भांडण मुकाट्याने आपल्या अंगावर घेई. या एका बाबतीत बाई सोन्यासारखी होती, हे तिच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं.

सगळ्यांत खट होती बोकदान आजी. बाजारात आंबवलेला पाकट मासा विकण्यात जन्म गेला, आणि अजूनही बोलताना समोर गिऱ्हाईक उभं असल्यासारखी ओरडे. देवाधर्माशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

"तुमच्या येशूबद्दल मला काही म्हणायचं नाही," ती म्हणे. "चांगला माणूस असणार. पण गाणी फार रडकी. एखादं ठेक्याचं घ्या की गं, चर्चवाल्यांनो!"

"आजी, ही देवाची स्तुती आहे, लग्नाची वरात नव्हे."

"मग देवाचंही लग्न लावा एकदा. तेवढीच बासुंदी." बासुंदी म्हणजे तिच्या लेखी सोयादूध.

जोम्रेचं घर मात्र रिकामं होतं. एकुलती एक मुलगी मिर्योंग नऊ-दहा वर्षांपूर्वी 'त्या माणसांत' गेली. आमच्याकडे त्यांचं नाव घ्यायची गरज पडत नाही. चर्चच्या दारावर पाटीच लावलेली असते, त्या पंथाच्या लोकांना आत यायला मनाई आहे म्हणून. कारण ती माणसं नव्या भाविकाचं सोंग घेऊन कळपात शिरतात, गोड बोलतात, आधी मैत्री, मग चहा, मग चहाबरोबर बायबलचा अभ्यास, आणि एक दिवस घरातलं पोर घरात नसतं. मिर्योंगचंही तसंच झालं. एक प्रेमळ ताई कुठूनशी तिच्या आयुष्यात आली, जोम्रेने तिला आपल्या हाताने मुरवलेली कोबीची किमची बांधून दिली होती, आणि त्याच ताईने पोर नेली. ती किमची जोम्रेला अजून पोटात टोचत असे.

पहिल्या वर्षी तिने एक मूर्खपणा केला. मिर्योंगला निरोप धाडला, "बाजारातल्या शेवयांच्या दुकानात ये, दोन घास खाऊ, मी एकटीच येते." मिर्योंग आली. आणि दुकानाबाहेर मोटारीत चर्चचे दोन दणकट भाऊ बसलेले होते, तिला उचलून, पंथ सोडायला लावतात त्या समजावणीच्या ठिकाणी न्यायला. पोरीने एकाच्या मनगटाला चावा घेतला आणि पळाली. जाताना आईकडे तिने जे पाहिलं, त्यानंतर तिचा फोन नाही, पत्ता नाही, काही नाही.

तेव्हापासून जोम्रे ताकही फुंकून पिऊ लागली. दूध नव्हे, ताक.

अशात वसंतात चर्चमध्ये मो सनयंग आली. चाळिशीची, एकटी, आवाज असा की भांडायला गेलं तरी आपणच ओशाळावं. महिन्याभरात ती गुरुवारच्या भेटीला यायला लागली आणि सगळ्या वृद्धाश्रमाला तिने खिशात घातलं. ज्या बोकदान आजीने कुणाला नखाला हात लावू दिला नव्हता, तिने सनयंगच्या मांडीवर पाय टाकले. सनयंग तिची नखं कापत बसे आणि दोघी काहीतरी कुजबुजत. जोम्रेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नऊ वर्षं आपण हात धरतोय, आणि ही कालची आलेली थेट पायापर्यंत?

पण नुसता मत्सर असता तर जोम्रेने तो प्रार्थनेत कबूल करून टाकला असता. कुठेतरी पाणी मुरत होतं. आधी कुठल्या चर्चला जात होतीस, विचारलं तर सनयंग म्हणे, "इकडेतिकडे, ग्वोन्साबाई." बायबल असं पाठ, की पाळकांनी अडखळावं आणि हिने पुढची ओळ ओठांत म्हणावी. इकडेतिकडे जाणाऱ्याला इतकं पाठ असतं होय? आणि सगळे मोठ्याने देवाला हाका मारत असताना ही मुकी, मान खाली घालून बसलेली. हे जोम्रेने अर्थातच त्या उघड्या डोळ्याने पाहिलं होतं.

नव्या सभासदाच्या घरी जाऊन प्रार्थना करायची आमच्यात रीत आहे. जोम्रे आणि आणखी एक बाई सनयंगकडे गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, लहानसं घर, खोली एक आणि बाहेरची बैठक. दारात जोडे काढताना जोम्रेने पाहिलं, तिथे बायकी जोड्यांचे दोन आकार होते. एक सनयंगचा, एक लहान.

"एकटीच राहतेस ना?"

"हो."

"हे कुणाचे?"

सनयंगने जोड्यांकडे पाहिलं, मग बंद खोलीच्या दाराकडे. "मैत्रिणीचे. राहिलेत."

अनवाणी गेली का मैत्रीण? जोम्रेने विचारलं नाही, पण ताडलं. ती माणसं अशीच राहतात, एका घरात दोघी-चौघी, पाळतीवर. मग चहा झाला आणि ग्वोन्सा म्हणून प्रार्थना जोम्रेनेच केली. खणखणीत आवाजात तिने मागितलं, "हे प्रभू, मेंढराचं कातडं पांघरून कळपात शिरलेल्या लांडग्यांना उघडं पाड. त्यांना थारा देऊ नकोस!" बरोबरची बाई मोठ्याने "आमेन" म्हणाली. सनयंगच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि जोम्रेला वाटलं, लागला बाण.

पुढच्या गुरुवारी वृद्धाश्रमातून निघून दोघी बसथांब्यावर उभ्या होत्या. सनयंग सहज बोलल्यासारखं बोलली.

"ग्वोन्साबाई, घर तेच का हो तुमचं? जुनंच?"

"का?"

"नाही, आजकाल लोक किती घरं बदलतात. आणि ते दाराच्या कुलुपाचे आकडे! माझ्या तर लक्षातच राहत नाहीत. तुम्ही मुलांच्या जन्मतारखेचे ठेवले असतील, नाही का?"

जोम्रेने पिशवी छातीशी धरली. कारण आकडे तेच होते. मिर्योंगची जन्मतारीख. मुलगी गेल्यापासून तिने ते बदलले नव्हते. शेजारीण म्हणायची, चोरसुद्धा आधी हीच तारीख दाबून बघेल. जोम्रे म्हणायची, चोर येऊ दे, माझी पोर आली तर तिला दारात उभं राहायला नको. हे चर्चमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मग हिला मुलीच्या जन्मतारखेचं सुचलं कसं? हिला कुणी पाठवलं?

"तुला काय करायचंय?" जोम्रे एवढंच म्हणाली आणि आलेल्या पहिल्या बसमध्ये चढली. ती तिची बसही नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने दाराचे आकडे बदलले. आपल्याच हाताने मुलीचं नाव पाटीवरून पुसतोय असं तिला वाटलं, आणि तरी तिने ते केलं. भीती मोठी होती. एक पोर नेलीत, आता घरात शिरून काय न्यायचंय?

रविवारी तिने पाळकांना गाठलं. पाळक भला माणूस, आणि भला माणूस बहुतेक वेळा घाबरट असतो.

"पुरावा काय, ग्वोन्साबाई? नखं कापते म्हणून कुणाला पंथातली ठरवायचं?"

"येशूला पकडून देताना यहूदानेही मुकाच घेतला होता."

"थोडं थांबू या. वाट पाहू."

"तुम्ही वाट पाहा. माझी पाहून झालीय."

घरी परतली तर शेजारीण जिन्यात उभीच. "अगं, तू चर्चला गेलीस आणि तुझ्या दाराशी कुणीतरी बटणं दाबत होतं. चुकीचा आकडा, कुलूप नुसतं कोकलतंय. पुन्हा दाबलं, पुन्हा कोकललं. मी दार उघडेपर्यंत खाली उतरून गेलं. बाईमाणूस वाटलं."

जोम्रेने जिन्याचा कठडा धरला. आपण वेळेवर आकडे बदलले, या विचाराने तिने देवाचे आभार मानले. खरंच मानले. अगदी मनापासून.

गुरुवारी 'उन्हाचं घर'मध्ये खुर्च्या गोल मांडून झाल्या होत्या. जोम्रे सोयादुधाच्या पुड्यांना नळ्या टोचत होती. सनयंग जवळ आली. तिचे डोळे सुजलेले होते. ती अगदी हळू म्हणाली,

"ग्वोन्साबाई, तुम्ही दाराचे आकडे बदललेत का?"

जोम्रेच्या हातातली पुडी दाबली गेली आणि दूध शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांच्या शालीवर उडालं.

"ऐकलंत?" ती ओरडली. "सगळ्यांनी ऐकलंत? माझ्या दाराचे आकडे बदलले हे हिला कसं कळलं? रविवारी माझ्या दाराशी कोण होतं? बोल! चोराच्या उलट्या बोंबा!"

"ग्वोन्साबाई, जरा बाहेर या, मी सांगते..."

"बाहेर? चहाला? मग बायबलच्या अभ्यासाला? एकदा भाजलेय मी! तू त्या माणसांतली आहेस. हो की नाही? देवासमोर सांग."

सनयंग खोटं बोलू शकली असती. ती बोलली नाही.

"होते," ती म्हणाली. "बाहेर पडले. एखादी त्यांच्यातून बाहेर पडली, ग्वोन्साबाई, आणि परत दाराशी आली, तर तिला आत घेतील का हो तुमच्याकडे?"

नीट ऐकलं असतं तर हा प्रश्न स्वतःसाठी विचारलेला नाही, हे जोम्रेला कळलं असतं. शिवण उलटी करून बघणारी बाई, पण त्या दिवशी सुलट बाजूही तिने पाहिली नाही.

"लांडग्याने कातडं बदललं तरी तो लांडगाच. माझ्या दारात तर नाहीच नाही. जा!"

सनयंगने आपली पिशवी उचलली, आजोबांच्या शालीवरचं दूध रुमालाने टिपलं, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि गेली. बाकीच्या दोघी बाया कुजबुजत तिच्या मागे दारापर्यंत गेल्या, ती खरंच गेली का बघायला. जोम्रे घामाघूम झाली होती. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिने सोयादुधाची पुडी बोकदान आजीपुढे धरली.

आजीने ती हाताने उडवून लावली.

"नको तुझं दूध. नासकं."

"आजी, तुम्हाला कळत नाही. ती बाई..."

"मला कळत नाही? मला! सकाळी काय खाल्लं ते मी विसरते. दुसऱ्याच्या घरातलं कोण विसरतं?" आजीने मान पुढे काढली. गिऱ्हाइकाचं माप काढायची तीच जुनी नजर. "माझी नखं कापताना सगळं सांगायची ती. म्हणायची, आजी, तुम्हाला सांगते, तुम्ही उद्या विसराल. विसरते बापडी! तुझी पोर तिच्या घरी आहे."

"कोण पोर?"

"तुला किती आहेत? दोघी मिळून तिथून पळाल्या. तुझ्या पोरीचा जीव आईत, पण भीती आईचीच. म्हणे, आधी बघून ये, आई अजून माणसं घेऊन धरायला येते का. ती वेडी तुला रोज बघत होती आणि रोज घरी जाऊन सांगत होती, आई चांगली आहे, म्हाताऱ्यांचे हात धरते, जा तू. शपथ घातली होती पोरीने, नाव फोडायचं नाही म्हणून. आज आल्या आल्या म्हणाली, पोर रविवारी धीर करून गेली तुझ्या घरी. म्हणे, आत बसून राहीन, आई चर्चमधून येईपर्यंत. आणि दार उघडेना."

चाकाच्या खुर्चीचा हात जोम्रेने धरला, तशी खुर्ची आजीसकट थोडी मागे गेली.

"रडतेस काय इथे?" बोकदान आजी खेकसली. "मी काय तुझी मुलगी आहे? तिथे जाऊन रड. आणि त्या दोघी भवान्यांना बरोबर नेऊ नकोस."

जोम्रे कुणालाही न सांगता निघाली. मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. वाटेत तिने तीनदा मागे वळून पाहिलं, कुणी येत तर नाही ना म्हणून. आयुष्यात पहिल्यांदाच हा संशय दुसऱ्या कुणासाठी होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना छाती भात्यासारखी चालत होती. दार वाजवलं. आत पावलं वाजली आणि थांबली.

"कोण?" सनयंगचा आवाज.

"मी. बांग जोम्रे." ग्वोन्सा म्हणायचं तिला सुचलंच नाही. "सनयंग, माझं चुकलं. तुझ्याशी फार वाईट वागले. तू दार उघडू नकोस हवं तर. फक्त तिला सांग."

मग कुलूप किणकिणलं आणि दार बोटभर उघडलं. साखळी लावलेलीच होती. फटीत अर्धा चेहरा दिसला. तो सनयंगचा नव्हता. गालाची हाडं वर आलेली, केस कापलेले, कपाळ जोम्रेच्या नवऱ्याचं.

"मिर्योंग..."

"एकटी आलीस?"

"एकटीच."

"खाली कोण आहे?"

"कुणी नाही गं. शपथ."

"त्या वेळीही एकटीच येते म्हणाली होतीस."

जोम्रेने मान हलवली. हो, म्हणाले होते.

"त्या दिवशी तू इथे प्रार्थना केलीस ना," फटीतला आवाज म्हणाला, "तेव्हा मी आतल्या खोलीत होते. दाराला कान लावून. मला वाटलं, माझ्यासाठी काहीतरी मागशील. तू लांडग्यांना थारा देऊ नकोस म्हणालीस."

"तुझ्यासाठी घरी मागते. रोज मागते. चारचौघांत मोठ्याने मागायला गेलं की रडू फुटतं, म्हणून..."

"आणि आकडे का बदललेस?"

"तू दुसऱ्या कुणाला सांगितलेस असं वाटलं. म्हणजे तू नव्हे. मला वाटलं ती माणसं... अगं, मला काय वाटलं ते मलाही आता सांगता येईना. नऊ वर्षं तेच ठेवले होते. तुला यायला बरं म्हणून. नेमके या आठवड्यात बदलले. मी करंटी आहे, मिर्योंग."

फटीतला डोळा तिच्यावरून फिरला. चेहरा, पिशवी, कोटाचे खिसे, पुन्हा चेहरा. जोम्रेला ती नजर ओळखीची वाटली, कुणाची ते कळायला वेळ लागला नाही. पोरीने आपल्याकडून दुसरं काही घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तू इथेच उभी राहा," मिर्योंग म्हणाली. "मी खिडकीतून बघते. खाली मोटार असली ना, तर मी दार लावीन आणि परत कधी..."

"बघ. हवं तेवढं बघ. मी हलत नाही."

दार लागलं. आत पावलं गेली, खिडकी सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी खिडकी. जोम्रे दारासमोर उभी होती, दोन्ही हात पुढे धरून, पिशवी खाली ठेवलेली, रिकामे हात दिसावेत म्हणून. खालच्या मजल्यावर कुणीतरी कचरा टाकायला दार उघडलं. देवा, आत्ता कुणाला जिन्यात आणू नकोस, एवढंच तिने मागितलं.

साखळी निघाल्याचा आवाज झाला. दार उघडलं. मिर्योंग उंबऱ्यात उभी होती आणि आईकडे बघत नव्हती. ती आईच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होती, खालच्या वळणापर्यंत.

जोम्रे बाजूला सरकली, तिला जिना नीट दिसावा म्हणून.